श्वासाला अडसर, धडधडीला आवर

भिवंडीत यंत्रमागावर तासन्‌तास उभं राहणाऱ्याला चक्कर आली, की लिंबू-साखरेचं पाणी पुढे येतं. बहुतेकदा ते बरोबरच असतं. पण आडवं असताना ७८ असलेली नाडी उभं राहिल्यावर १० मिनिटांत ११०च्या वर जाते, रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही, असं महिनोन्‌महिने चाललं तर संशय ‘पॉट्स’ या विकाराचा. निकष मोठ्यांत ३० ठोक्यांच्या वाढीचा, १२ ते १९ वयात ४०च्या. रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी परततं. मग हृदय धावत सुटतं.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘पॉट्स’च्या २६ रुग्णांवर एक युक्ती तपासली (२०१५). आत येणाऱ्या हवेला अडवणारी झडप तोंडाशी लावायची. श्वास जोर लावून ओढावा लागतो, छातीतला दाब आणखी उतरतो आणि पिचकारीचा दट्ट्या ओढावा तसं रक्त वर खेचलं जातं. कलत्या टेबलावर उभं केल्यावर १० मिनिटांनी ठोके सरासरी १०२. खोट्या झडपेने १०९. फरक सातचा, तोही झडप लावलेली असतानाचा. याला उपचार म्हणणं घाईचं.

आणि हो, कापसाचे तंतू टाळायला नाकाला बांधलेला रुमाल म्हणजे ही झडप नव्हे. चक्कर येत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.