साम्राज्य मोडते तेव्हा नेमके काय मोडते?

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरी या गावी शिक्षकांशी गप्पा चालल्या असताना एका गुरुजींनी आम्हाला विचारले, "रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे आम्ही शिकवतो, मुले ती पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. बोरीच्या मुलाला रोमशी काय देणेघेणे?" त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर आमचे आम्हालाच पटले नव्हते. या लेखात ते सुधारून पाहू या.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास कुणा अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे सागरी मार्गदर्शक लिहिले. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे त्यात नोंदले आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून कापड गाड्यांत भरून भडोचला जाई व तिथून जहाजांत चढे. आता नकाशा उघडा. बोरीच्या पश्चिमेस पैठण, वायव्येस जालना जिल्ह्यातील भोकरदन, दक्षिणेस तेर. रोमला कापड पुरवणारा मुलूख तो हाच. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा जो भाग मिळाला, त्याच्याशी पुष्कळ साम्य असणारी मूर्ती १९३८ साली इटलीतील पॉम्पेईत सापडली होती. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती.

प्लिनी हा रोमन लेखक तर तक्रारच करतो, की भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स गिळतो. प्लिनीला चैनीचा तिटकारा होता, तेव्हा हा आकडा हिशेबाच्या वहीतला समजू नये. पण तक्रार करण्याइतका पैसा वाहत होता हे खरे.

त्या काळी दख्खनमध्ये सातवाहनांचे राज्य होते आणि पैठण ही त्यांची राजधानी. त्यांच्या उदयाचे पहिले कारण घाटवाटांत दिसते. पठारावरचा माल कोकणातल्या बंदरांत उतरवायचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो आणि तो ओलांडण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात, अगदी वाटेवरच्या लेण्यात, राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांचे मोठमोठे आकडे त्यात येतात. (भारतीय अंकचिन्हांच्या जुन्या नमुन्यांत या लेखाची गणना होते, गणिताच्या शिक्षकांनी याकडे जरूर लक्ष द्यावे.) जकातीच्या वाटेवरच राजघराण्याने आपली श्रीमंती कोरून ठेवली, हे पुरेसे बोलके आहे.

ज्याच्या हाती घाट आणि बंदर, त्याच्या हाती पैसा. हे शत्रूलाही कळत होते. क्षहरात क्षत्रप नहपान याने नाशिक-जुन्नरचा भाग जिंकला. पेरिप्लसमध्ये नोंद आहे, की कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. याचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडला : नहपानाच्या चांदीच्या सुमारे तेरा हजार नाण्यांचा साठा आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा मारलेला आपला छाप. नाणी वितळवून नवी पाडण्याची उसंतही त्याने घेतली नाही. आमच्यासारख्या धातूंवर काम करणाऱ्यांना हा साठा एखाद्या लांबलचक प्रशस्तीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो.

आता ऱ्हासाकडे वळू. यज्ञश्री सातकर्णीनंतर, तिसऱ्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सातवाहनांची सत्ता संपली. रोमशी चालणारा व्यापार आटला म्हणून पैठण कोसळले, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ऐकायला ते सरळ वाटते. पण कोणत्याही कारणाची पहिली चाचणी म्हणजे कालक्रम. रोमचे मोठे संकट इ. स. २३५ नंतरचे. तेव्हापासून २८४ पर्यंत तिथे वीसहून अधिक सम्राट झाले आणि बहुतेक सैन्याने बसवले व सैन्यानेच मारले. ऑगस्टसच्या काळात जवळजवळ शुद्ध असलेले चांदीचे नाणे २७० च्या सुमारास पाच टक्क्यांहूनही कमी चांदीचे उरले. पण तोवर सातवाहन संपलेले होते, आणि परिणामानंतर घडलेली गोष्ट त्याचे कारण होऊ शकत नाही.

यावर कुणी म्हणेल, की भारतात सापडणारी रोमन चांदीची नाणी बहुतांशी ऑगस्टस आणि टायबेरियस यांची आहेत. म्हणजे चांदीचा ओघ त्याआधीच आटला होता. खरे आहे. पण मग तो गौतमीपुत्राच्या विजयाच्याही आधी आटला म्हणावे लागेल! शिवाय नाणी कमी म्हणजे व्यापार कमी असेही नाही. केरळातील मुझिरिसहून गेलेल्या 'हर्मापोलोन' या जहाजाच्या मालाची दुसऱ्या शतकातील पपायरसवरची नोंद व्हिएन्नात आहे, आणि तो माल प्रचंड आहे.

मग कारण कुठे शोधावे? आमच्या मते सातवाहनांच्या राज्याच्या बांधणीत. महारठी, महाभोज, महासेनापती हे नावापुरते अधिकारी होते. प्रत्यक्षात ते आपापल्या मुलखाचे धनी होते आणि त्यांच्यातील काहींनी स्वतःच्या नावाची नाणीही पाडली. नाशिकच्या लेण्यांतील दानलेखांत आणखी एक गोष्ट दिसते. भिक्षूंना दिलेल्या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, त्रास देऊ नये, मिठासाठी खणू नये, अशी वचने राजा देतो. दान मोठेच, पण तेवढ्या जमिनीपुरता राजाने आपला हात मागे घेतला. याच लेखांपैकी एक गौतमीपुत्राच्या चोविसाव्या वर्षाचा, म्हणजे ऐन भरभराटीचा आहे. त्यात म्हटले आहे, की आधी दिलेले शेत कसले जात नाही, ते गावही वसलेले नाही. म्हणून दुसरी जमीन देत आहोत. तीन समुद्रांचे पाणी प्यालेले घोडे ज्याचे, असा ज्याचा गौरव झाला, त्याच्या राज्यातले हे ओसाड गाव. लढायांची किंमत कुणी मोजली ते यावरून थोडेफार दिसते.

बोरीहून जिंतूर, हिंगोली, वाशीम करत पुढे गेले की मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळे लागते. तिथे १९३९ साली सातवाहनांची सुमारे दीड हजार पोटिन नाणी सापडली. पोटिन म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांची मिश्रधातू. त्या नाण्यांवर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावे आहेत, जी पुराणांतील राजांच्या याद्यांत नाहीत. एकाच घराण्याचे हे राजे बहुधा निरनिराळ्या भागांत राज्य करत असावेत. नाशिककडे आभीर, कृष्णेकाठी इक्ष्वाकू आणि पुढे विदर्भात वाकाटक अशी वाटणी झाली. वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म म्हणजे आपल्या वाशीमची. रोमची गतही काहीशी अशीच. ४७६ हे सन आपण शिकवतो ते पश्चिमेपुरते. कॉन्स्टँटिनोपलचे राज्य १४५३ पर्यंत टिकले.

नगरांचे मात्र हाल झाले. भोकरदन उजाड झाले. नेवाशाच्या लाडमोड टेकाडावर हजारेक वर्षे वस्तीच दिसत नाही. (नेवासे संपले असे नव्हे, ज्ञानेश्वरी तिथेच सांगितली गेली.)

आणि काय मोडले नाही? नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेवीने दिले : दोन हजार दरमहा एक टक्का व्याजाने, एक हजार पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीतून वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळायचे. सातवीच्या वर्गात हे सरळव्याज करून पाहावे, हिशेब चोख जुळतो. नहपान गेला, सातवाहन परत आले, तेही गेले. नंतर आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या बाईने तशाच ठेवी ठेवल्या, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. त्या घेणाऱ्यांत पाण्याची यंत्रे बनवणारे होते आणि तेली होते.