संगणकाचा पडदा : भीती लहरींची, दुखणे बैठकीचे

कापडाची पेढी असो की भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग कारखाना, हिशेबाच्या वहीची जागा आता संगणकाने घेतली आहे. बिले, जीएसटीची विवरणपत्रे, साडीचे डिझाईन, सारे पडद्यावरच होते. मुनीम आणि ऑपरेटर दिवसाचे आठ-दहा तास त्यापुढे बसतात. पडद्यातून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींनी त्यांची तब्येत बिघडते काय, हा प्रश्न म्हणूनच मालकाच्याही कामाचा आहे.

ही भीती जुनी आहे. १९८० साली कॅनडातील 'टोरोंटो स्टार' या वृत्तपत्राच्या कचेरीत पडद्यावर काम करणाऱ्या चार महिलांची बाळे व्यंग घेऊन जन्मली आणि जगभर खळबळ उडाली. तेव्हाचे पडदे टीव्हीसारख्या काचेच्या पिक्चर ट्यूबचे होते. त्यांतील तारेच्या वेटोळ्यांमुळे चुंबकीय क्षेत्र तयार होई. अंतर वाढले की त्याचा जोर झपाट्याने घटतो.

मग तपासण्या झाल्या. अमेरिकेतील सरकारी संस्था 'नायोश'ने टेलिफोन ऑपरेटर महिलांच्या ८८२ गर्भधारणांची नोंद तपासली. १९९१ साली निष्कर्ष आला. असा पडदा वापरणाऱ्यांत गर्भपाताचे प्रमाण शेकडा १४.८, न वापरणाऱ्यांत १५.९. म्हणजे पडद्यामुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. तरी खबरदारी म्हणून स्वीडनने १९९० साली 'एमपीआर-२' हे मानक आणले. पडद्यापासून ५० सेंटिमीटरवर कमी वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र २५० नॅनोटेस्लाच्या आत असावे, असे त्यात ठरले.

२००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कमी वारंवारतेची चुंबकीय क्षेत्रे 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकली, हेही खरे. पण त्याचा आधार घरांतील विजेचे क्षेत्र आणि मुलांमधील रक्ताचा कर्करोग यांच्या पाहण्यांचा होता, कचेरीतील पडद्यांचा नव्हता. शिवाय आजच्या सपाट पडद्यात ती पिक्चर ट्यूबच नाही.

तेव्हा बाजारात 'किरणरोधक' म्हणून मिळणाऱ्या चिकटपट्ट्यांवर पैसा घालवू नये. चुंबकीय क्षेत्र अशा पट्टीने अडत नाही. घरच्यांनीही या भीतीपोटी लेकीसुनांचे चांगले काम सुटू देऊ नये.

खरे नुकसान दुसरीकडे आहे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. वाकून बसल्याने मान, कंबर आणि मनगट धरते. डोके दुखू लागले की आकड्यांत चुका होतात आणि त्या चुका मालकाच्या खिशातून जातात.

उपाय स्वस्त आहेत. पडदा हातभर लांब आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली ठेवावी. खिडकीचा उजेड पडद्यावर चमकू देऊ नये. पाठीला आधार देणारी खुर्ची घ्यावी. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर नजर टाकावी आणि तासाभराने उठून चार पावले चालावे. चाळिशी ओलांडलेल्या मुनिमाचा चष्मा पडद्याच्या अंतराप्रमाणे तपासून घ्यावा, कारण वही वाचण्याचा नंबर तिथे चालत नाही.

मागाला तेल आपण वेळेवर घालतो. हिशेब सांभाळणाऱ्या माणसाच्या पाठीची आणि डोळ्यांची देखभालही धंद्याच्या खर्चात धरली पाहिजे.