जीवाश्म आणि विदर्भातील ट्रॅप खडक

प्राचीन प्राणी व वनस्पती यांचे खडकांत टिकून राहिलेले अवशेष किंवा खुणा म्हणजे जीवाश्म होत. हाडे, दात, शिंपले, खोड व पाने यांबरोबरच पावलांचे ठसे, अंडी आणि विष्ठा यांचाही त्यांत समावेश होतो. जीवाश्मांच्या अभ्यासास पुराजीवविज्ञान म्हणतात.

निर्मिती

मृत जीव सामान्यतः कुजून नाहीसा होतो. तो गाळाखाली लवकर गाडला गेला, तर कुजण्याची क्रिया मंदावते. भूजलातील सिलिका किंवा कॅल्साइट यांसारखी खनिजे अवशेषांच्या पोकळ्यांत साचतात, कधी मूळ द्रव्याची जागाही घेतात. त्यामुळे जीवाश्म मुख्यतः गाळाच्या खडकांत आढळतात.

बार्शीटाकळी परिसराची भूरचना

अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी तालुका दक्षिण ट्रॅपच्या प्रदेशात येतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून येथील बेसाल्ट तयार झाला व त्याच्या झिजेतून काळी जमीन बनली. तप्त लाव्ह्यात जीवांचे अवशेष सहसा टिकत नाहीत, म्हणून बेसाल्टमध्ये जीवाश्म जवळजवळ आढळत नाहीत. मात्र दोन उद्रेकांमधील काळात ठिकठिकाणी तळी निर्माण होऊन त्यांत गाळ साचला. पुढील लाव्ह्याखाली झाकल्या गेलेल्या या थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात.

विदर्भातील शोध

स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी नागपूरजवळील टाकळी (बार्शीटाकळी नव्हे) येथील अशा थरांतील जीवाश्म अभ्यासून १८५५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. या थरांतील गोड्या पाण्यातील गोगलगाईंवरून तेथे पूर्वी तळी होती, असे अनुमान करता येते.

ट्रॅपच्या खाली असलेल्या लॅमेटा थरांत डायनोसॉरचे अवशेष सापडतात. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे मिळालेल्या शाकाहारी डायनोसॉरचे १९९७ मध्ये वर्णन झाले. २००३ मध्ये त्याला *इसिसॉरस* हे प्रजातिनाम मिळाले. याच जिल्ह्यातील पिसदुरा येथील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी गवतांचा विस्तार डायनोसॉरनंतरचा मानला जात असे. हे कण अनेक प्रकारच्या गवतांचे असल्याने गवतकुळात त्याआधीच विविधता आली होती, हे स्पष्ट झाले. वऱ्हाडातील ज्वारी याच कुळातील आहे.

अभ्यासपद्धती व जतन

अबाधित स्तरांत खालचा थर वरच्यापेक्षा जुना असतो. म्हणून जीवाश्माचे स्थान, थर व सोबतचे अवशेष यांची नोंद आवश्यक असते. त्यानंतर नमुना स्वच्छ करून पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि त्याची ज्ञात प्रजातींशी तुलना करतात.

थराची नोंद न करता काढलेला जीवाश्म शोभेची वस्तू म्हणून उरतो. त्याचा काळ व परिसर ठरविणे अवघड होते. पिसदुरा येथील विष्ठा डायनोसॉरच्या काळातील थरांत मिळाली, हे ठाऊक नसते तर त्यांतील गवतकणांवरून असा निष्कर्ष निघू शकला नसता. त्यामुळे खाणीत किंवा विहीर खोदताना असा नमुना दिसल्यास तो न हलविता छायाचित्र व जागेची नोंद घेऊन तज्ज्ञांना कळविणे हितावह ठरते.