मदर तेरेसांना जवळपास ५० वर्षं देव जाणवलाच नाही, तरी त्या संत कशा ठरल्या?

मदर तेरेसा म्हटलं की निळ्या काठाची पांढरी साडी, कोलकाता आणि १९७९ चं शांततेचं नोबेल आठवतं. या बाईंची देवावरची श्रद्धा डगमगली असेल, असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

पण २००७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर १० वर्षांनी, त्यांच्या खासगी पत्रांचं पुस्तक आलं आणि जगभर चर्चा सुरू झाली. या पत्रांमध्ये त्या आपल्या धर्मगुरूंना पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होत्या. आत सगळा अंधार आहे, प्रार्थना करते पण पलीकडे कुणी आहे असं वाटत नाही. ही पत्रं जाळून टाका, अशी विनंती त्यांनी स्वतः केली होती. चर्चने ती मानली नाही.

गंमत म्हणजे त्याआधी सगळं अगदी उलट होतं. १० सप्टेंबर १९४६ ला त्या कोलकात्याहून दार्जिलिंगला रेल्वेने निघाल्या होत्या. या प्रवासात, गरिबांमधल्या गरिबांकडे जा, अशी हाक येशूने आपल्याला दिली असं त्यांनी सांगितलं. पुढचे काही महिने येशू आपल्याशी बोलतोय इतका तो त्यांना जवळ वाटत होता. १९४८ मध्ये त्यांनी कॉन्व्हेंट सोडलं, झोपडपट्टीत काम सुरू केलं आणि साधारण त्याच सुमारास ही जवळीक संपली. ज्याच्या सांगण्यावरून घर सोडलं, तोच गायब!

१९५८ मध्ये पोप बारावे पायस यांच्या निधनानंतर काही आठवडे हा अंधार हटला. मग परत आला, तो शेवटपर्यंत राहिला.

देव जवळ आहे, तर शोधायचा कशाला?

इथे ख्रिस्ती श्रद्धेतला एक जुना पेच समजून घ्यावा लागतो. बायबलमध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी सांगितल्या आहेत. देव आपल्यापासून लांब नाही, आणि तरी त्याला शोधा. प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायात पौल अथेन्सला जातो. तिथे त्याला अज्ञात देवाच्या नावाने बांधलेली एक वेदी दिसते. तोच धागा पकडून तो लोकांना म्हणतो की माणसांनी चाचपडत का होईना देवाला शोधावं, कारण तो कुणापासूनही दूर नाही.

चाचपडणं हा शब्द महत्त्वाचा. अंधारात माणूस चाचपडतो तेव्हा वस्तू खोलीतच असते, फक्त दिसत नसते. देव जवळ असणं आणि तो जवळ आहे असं वाटणं, या दोन गोष्टी ख्रिस्ती परंपरा वेगळ्या धरते. खुद्द येशूने क्रूसावर, देवा तू मला का सोडलंस, असा प्रश्न केला होता. त्याचे ते शब्द २२ व्या स्तोत्राची सुरुवात आहेत. म्हणजे सोडून दिल्याची तक्रारसुद्धा प्रार्थनेच्याच भाषेत.

१६ व्या शतकातले स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी या अवस्थेला रात्रीची उपमा दिली. त्यांचं म्हणणं असं की सुरुवातीला प्रार्थनेत गोडवा मिळतो, मग तो काढून घेतला जातो. देव हवा आहे की देवामुळे मिळणारा आनंद हवा आहे, हे तेव्हाच कळतं. आपल्याकडच्या विरहिणी ज्यांनी ऐकल्यात, त्यांना ही तगमग फार परकी वाटणार नाही.

आता कुणी म्हणेल, हे सरळ डिप्रेशन असेल. प्रश्न रास्त आहे, आणि ४०० वर्षांपूर्वी जॉन यांनाही तो पडला होता. त्या काळी ज्याला विषादाचा आजार म्हणत, तो वेगळा कसा ओळखायचा याची लक्षणं त्यांनी लिहून ठेवली. त्यातलं एक असं की देवात गोडी उरत नाही, पण आपण देवाची सेवा नीट करत नाही ही काळजी माणसाला सतत खात राहते. मदर तेरेसांचं मनोनिदान आज पत्रांवरून करणं मला धाडसाचं वाटतं. मात्र सगळ्यातलाच रस गेला असेल तर डॉक्टरांना भेटलेलं बरं, तिथे संतांची पुस्तकं पुरणार नाहीत.

पुण्याचं कनेक्शन

या गोष्टीत एक नाव आपल्या जवळचं आहे. फादर योसेफ नॉयनर. जन्म ऑस्ट्रियातला, पण आयुष्याचा मोठा काळ पुण्यात ईशज्ञान शिकवण्यात गेला. १९६१ च्या सुमारास मदर तेरेसांनी त्यांच्यापुढे मन मोकळं केलं.

नॉयनर यांनी कुठलाही उपाय सुचवला नाही. यावर माणसाच्या हातात औषध नाही, असंच त्यांनी सांगितलं. पण देवाची इतकी ओढ लागणं हीच तो लपून जवळ असल्याची खूण आहे, आणि हा अंधार तुमच्या कामाचाच भाग आहे, असं ते म्हणाले. रस्त्यावर टाकून दिलेल्या माणसाला जे वाटतं तेच त्या आतून भोगत होत्या. यानंतर मदर तेरेसांनी त्यांना लिहिलं की ११ वर्षांत पहिल्यांदाच हा अंधार मला आवडू लागलाय.

मग संतपद? त्यासाठी चर्च भक्तीतला आनंद मोजत नाही. व्यक्तीचं आयुष्य तपासलं जातं आणि चमत्कार सिद्ध व्हावे लागतात. ही पत्रं त्या प्रक्रियेतच पुढे आली होती, तरीही २००३ मध्ये त्यांना धन्य घोषित केलं गेलं आणि ४ सप्टेंबर २०१६ ला संत.

सगळ्यांना हे पटलं नाही. त्यांचे जुने टीकाकार ख्रिस्तोफर हिचेन्स यांच्या मते पत्रांचा अर्थ सरळ होता: त्यांची श्रद्धा संपली होती आणि चर्च त्यावर मुलामा देत होतं. हे वाचन अगदीच उडवून लावता येत नाही. पण एक गोष्ट त्यात बसत नाही. देव नाही असं ठरवलेला माणूस रोज पहाटे उठून त्याच्याशीच भांडत बसत नाही, आणि या पत्रांमधली तक्रार बऱ्याचदा थेट येशूलाच उद्देशून आहे.

नॉयनर २००९ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी, पुण्यातच गेले.