नर्सिंगच्या आधीची नोकरी

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. मुलगी पुढे काय शिकणार आणि पैसा कुठून आणायचा? आमच्या भाईजानच्या घरीही हेच झाले. नांदेडच्या इतवाऱ्यात त्यांचा फळांचा गाडा आहे. मुलगी सायन्सला, आणि नर्सिंगला जायचे तिने दहावीतच ठरवलेले. पहिल्या वर्षी सीईटीत जमले नाही. वर्षभर घरी बसण्यापेक्षा अर्धवेळ काहीतरी करावे, चार पैसे साठतील, असे सगळ्यांचे मत पडले. "हॉस्पिटलमध्येच बघा, अनुभव मिळेल," हे लातूरहून फोनवर आम्हीच सांगितले. म्हणून हे लिहिणेही आमच्याकडेच येते.

नोकरी दोन दिवसांत मिळाली. एका खासगी दवाखान्यात, संध्याकाळी पाच ते रात्री दहा. पांढरा ॲप्रन मिळाला आणि पहिल्याच दिवसापासून सगळे तिला 'सिस्टर' म्हणू लागले. भाभींनी मोहल्ल्यात कौतुकाने सांगितले. तिसऱ्या आठवड्यात तिला सलाईन लावायला लावले, मग इंजेक्शन. शिकवणारी मुलगीही बारावीचीच, फक्त दोन वर्षे जुनी. एका रात्री वापरलेल्या सुईला टोपण परत बसवताना ती सुई तिच्या बोटात घुसली. "काही होत नाही, स्पिरिट लाव," एवढ्यावर तिथे विषय मिटला. घरी तिने चौथ्या दिवशी सांगितले.

चौथ्या दिवशी! अशी सुई टोचली तर एचआयव्हीपासून बचावाचे औषध लवकरात लवकर, शक्यतो दोन तासांत, आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू करावे लागते. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची, दाबून रक्त काढायचे नाही, बोट तोंडात घालायचे नाही आणि थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात जायचे. हे आम्हाला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात गेल्यावर कळले. औषधाची वेळ निघून गेली होती. राहिल्या त्या तपासण्या: एक लगेच, एक दीड महिन्याने, एक तीन महिन्यांनी. त्या तीन महिन्यांत भाभींनी किती रात्री जागून काढल्या ते त्यांनाच ठाऊक. अल्हमदुलिल्लाह, तिन्ही रिपोर्ट चांगले आले.

आता जे आधी विचारायला हवे होते ते सांगतो. महाराष्ट्रात परिचारिकांसाठी 1966 चा कायदा आहे. एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली की मगच ती नर्स. बारावीच्या मुलीला ॲप्रन घातल्याने ती नर्स होत नाही. उद्या रुग्णाला काही झाले तर तिच्या बाजूने कोण उभे राहील? आणि ज्याला तो 'अनुभव' म्हणतात, तो पुढे कॉलेजात एका दिवसानेही धरला जात नाही. उलट चुकीच्या सवयी हाताला लागतात. सुईला टोपण परत लावायचे नसते, वापरलेली सुई न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते, हे कोर्समध्ये शिकवतात. आमच्या मुलीला ते तिथल्या झाडूवाल्या मावशीने सांगितले, तेही टोचल्यानंतर.

म्हणजे दवाखान्यात पाऊलच ठेवू नये का? तसे नाही. केसपेपर काढणे, नंबर लावणे, फोन घेणे, नातेवाइकांना वॉर्ड दाखवणे ही कामे चांगली आहेत. पण सुई, सलाईन, औषध यांना हात लावणार नाही हे पहिल्याच दिवशी वडिलांनी समोर बसून ठरवावे. आणि कामाला लागण्याआधी हेपटायटिस बी ची लस सुरू करावी. तिचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. पुढे नर्सिंगलाही ती लागतेच.

मुलीला आम्ही लातूरला आणले. लातूरला विद्यार्थ्यांच्याच जोरावर चालणारी कामे पुष्कळ. मेस, वसतिगृहे, अभ्यासिका, लहान मुलांच्या शिकवण्या. आमचे मन अभ्यासिकेच्या काउंटरवर होते. बसून काम, पंख्याखाली, वाचताही येईल. तिने निवडले वेगळेच. आमच्या गल्लीत एक ऐंशीच्या पुढच्या दादी आहेत, लकव्याने उजवी बाजू गेलेली. दुपारी दोन ते सहा त्यांच्यापाशी बसायचे. कूस बदलणे, वजू करवणे, चमच्याने भरवणे, बीपी मशीनवरचे आकडे वहीत लिहिणे.

"फुफी, तिथं मला सिस्टर म्हणायचे, पण कुणी काही शिकवलं नाही. इथं दादी मला 'ए पोरी' म्हणतात, आणि पाठीला जखम कशी होते ते मी रोज बघते," ती एकदा म्हणाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, हे पुस्तकातले एक वाक्य. तिला ते आता घड्याळ न बघता कळते. सकाळ सगळी अभ्यासाला मोकळी, मगरीबच्या आधी घरी. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल अशी ती परीक्षा असते. इंग्रजीवर तिला जास्त वेळ द्यावा लागला.

कमाईचे म्हणाल तर ती फार नाही. आणि प्रवेशानंतर तीही थांबणार, कारण बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे वर्ग आणि वॉर्डातल्या ड्युट्या मिळून दिवस भरलेला असतो, हजेरीही कडक. कोर्स करता करता नोकरी, हा हिशेब घरात मांडूच नये.

खरा पैसा दुसरीकडेच होता. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी, केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, पूर्ण माफ आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन या आपल्या बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण भाईजानच्या दाखल्यावर नुसते 'मुसलमान' लिहिलेले! ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. शेवटी मरहूम अब्बांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात 'बागवान' ही नोंद सापडली. त्यासाठी भाईजानने चार दिवस गाडा बंद ठेवला. ज्यांच्याकडे असा पुरावा नाही, त्यांनी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी जिल्हा कार्यालयात करावी.

शेजारच्या एका खालाजान म्हणाल्या, "शरीफ घरातली मुलगी परक्यांची सेवा करणार?" आमच्या आधी दादीच बोलल्या. अहजाबच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना मस्जिदे नबवीतल्या कोणाच्या तंबूत ठेवले होते, एवढेच त्यांनी विचारले. खालाजानना हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव ठाऊक होते. त्या गप्प बसल्या, मग चहा घेऊन गेल्या.

यंदाची परीक्षा झाली आहे. जातीचा दाखला हातात आहे, पडताळणीचा अर्ज नांदेडला दिलेला आहे. यादी लागेपर्यंत मुलगी रोज दोनला दादींकडे जाते. प्रवेश झाल्यावर त्यांच्यापाशी कोण बसणार, हे मात्र अजून ठरलेले नाही.