मेणाचं नाक, पडद्यावरचा ओठ

दातांना तारा लावून वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं, खालचा जबडा अजून पुढेच. वसई-विरारकडचे असे रुग्ण विरार लोकलने मुंबई सेंट्रलला उतरतात. नायरचं दंत महाविद्यालय तिथून जवळच आहे. शस्त्रक्रियेत जबड्याचं हाड कुठे कापणार, याची त्यांना फारशी उत्सुकता नसते. "डॉक्टर, मी दिसेन कशी?" हा खरा प्रश्न.

हाडाचं उत्तर सोपं. जबडा ५ मिलिमीटर सरकवून टायटॅनियमच्या पट्टीने बसवला, की तो ५ मिलिमीटरच सरकतो. वरचं मांस मात्र आपल्या मर्जीचं. हनुवटीची कातडी हाडामागून जवळजवळ तेवढीच जाते, वरचा ओठ दातांमागून साधारण निम्माच. कित्येक दशकं सर्जन बाजूने काढलेल्या एक्स-रेवर ट्रेसिंग पेपर ठेवून याच हिशेबाने नवा चेहरा रेखाटत. त्यात गाल नसत.

आधी नमुना, मग सुरी ही रीत आपल्याकडे जुनीच. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी या मराठी माणसाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने ते नव्याने घडवलं. मेणाची पातळ पट्टी नाकाच्या जागी बसवून तिला आकार दिला, ती सपाट करून कपाळावर ठेवली, भोवती रेघ ओढली आणि तेवढीच कातडी सोडवून खाली वळवली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ही हकिकत चित्रासह छापली. कावसजीचं नाव आलं, कारागिराचं नाही.

आज मेणाच्या जागी सीटी स्कॅन आहे. हाड, चरबी आणि स्नायू क्ष-किरण कमीजास्त शोषतात, त्यावरून संगणक त्यांना वेगळं काढतो. मग मांसाचे हजारो चिमुकले तुकडे पाडून प्रत्येकाला ठरावीक ताठरपणा दिला जातो. पडद्यावर जबडा सरकवला, की एक तुकडा शेजारच्याला ओढतो आणि ती ओढ कातडीपर्यंत पोचते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात कोख आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली कातडीचा पातळ पडदा कवटीला स्प्रिंगांनी जोडून असा चेहरा हलवून दाखवला. २००७ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेनमधल्या गटाने १० रुग्णांवर चार पद्धती ताडून पाहिल्या. गंमत म्हणजे सगळ्यात किचकट गणिताने बाजी मारली नाही. साधी रेषीय पद्धत ९० टक्के जागी दीड मिलिमीटरच्या आत राहिली.

घोडं अडतं ते ओठाशी. ओठ दातांवरून घसरतो; गणितात तो दाताला चिकटलेला धरला, की दातामागे फरफटत जातो. स्कॅनमध्ये दोन्ही ओठ टेकलेले असले, तर संगणकाला ते एकच मांस वाटतं. तारांच्या धातूमुळे पट्टे उमटतात तेही नेमके तिथेच. त्यातून उताणं झोपून स्कॅन केला, तर गाल कानांकडे ओघळतात. म्हणून बसवून किंवा उभं करून स्कॅन घेणारी कोन-बीम सीटी यंत्रं इथे जास्त सोयीची. आणि यंत्राचा हात डोक्याभोवती फिरू लागण्याआधी सूचना येते: दात मिटा, ओठ सैल सोडा, गिळू नका.