यकृतात विषाणू असताना दारू

हिपॅटायटिस बी किंवा सी निघाला की डॉक्टर पहिल्याच भेटीत दारू बंद करायला सांगतात. आपल्याला वाटतं, हा आजार तर रक्तातून आला, दारूचा त्याच्याशी काय संबंध?

आधी विषाणूचं पाहू. तो उजव्या बरगड्यांखालच्या यकृताच्या, म्हणजे लिव्हरच्या, पेशींत मुक्काम ठोकतो. सहा महिन्यांनंतरही गेला नाही, तर आजार जुनाट धरतात. नुकसान बरंचसं करते ती आपलीच प्रतिकारशक्ती. ती बाधित पेशींवर तुटून पडते, सूज येते आणि वर्षानुवर्षं व्रण साठत जातात. या व्रणांना फायब्रोसिस म्हणतात. सगळं यकृत गाठीगाठींचं आणि कडक झालं की सिरॉसिस.

याच पेशींवर दारूचा निचरा करण्याचं काम येतं. दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर होतं, मग ते निरुपद्रवी होतं. तेवढ्यात पेशींना इजा होते, चरबी साठते, व्रण घडवणाऱ्या पेशी चेकाळतात. वर विषाणूला रोखणारी प्रतिकारशक्तीही ढिली पडते. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांवरचा एक फ्रेंच अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ५० ग्रॅमहून जास्त मद्यार्क घेणाऱ्यांत व्रण अधिक वेगाने वाढताना दिसले.

पण ५० ग्रॅम म्हणजे किती? इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम मद्यार्क असतो. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्याने एका बाटलीत चार पेग रिचवलेले असतात! आणि ५० च्या आत सगळं ठीक, असंही नाही. विषाणू असताना दारूचं सुरक्षित प्रमाण कुणालाही ठरवता आलेलं नाही.

दुसरी चूक रिपोर्ट वाचताना होते. एसजीपीटी नॉर्मल आला की आपण निर्धास्त होतो. पेशींना इजा झाली की रक्तात उतरणारं हे द्रव्य. व्रण किती साठले ते त्यावरून कळत नाही. सिरॉसिस असूनही ते नॉर्मल असू शकतं. यकृताच्या आत दुखतही नाही. म्हणून कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी विचारून घ्यावी. पोटात पाणी होईपर्यंत थांबलो, तर फार उशीर झालेला असतो.

सीवर बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात, बहुतेक रुग्ण त्यातून बरे होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. दारू सुटली नाही म्हणून उपचार लांबवू नयेत. मात्र 'विषाणू गेला, आता चालेल' हे साफ खोटं. सिरॉसिस झाला असेल, तर कर्करोगाच्या धोक्यामुळे दर सहा महिन्यांची सोनोग्राफी पुढेही चालूच राहते. बीचा विषाणू गोळ्यांनी दबतो, सहसा पूर्ण जात नाही. त्या मनाने बंद करू नयेत.

रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत दारू तोडली, तर हातांना कंप, झटके, भ्रम होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना खरं प्रमाण सांगून त्यांच्या देखरेखीखाली सोडावी. दारूची शिसारी यावी म्हणून देतात त्या औषधांतलं डायसल्फिराम यकृतालाच इजा करू शकतं. घरच्यांनी ते चोरून चहात मिसळणं तर मुळीच नको.